ग्रीक रंगीत भांडी: पाटी न वाचता प्रांत कसा ओळखायचा?

रेघोटी

नमस्कार. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. सध्या लेकीकडे लंडनला आले आहे. नात शाळेत गेली की दुपारपर्यंत वेळ माझाच असतो, मग बस पकडून ब्रिटिश म्युझियम गाठते. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे एका दिवसात एकच कपाट पाहून परतलं तरी चुटपुट लागत नाही.

ग्रीक भांड्यांकडे आजवर चारदा गेले. पहिल्या दिवशी सगळं एकच वाटलं: तांबडं भांडं आणि त्यावर काळी माणसं. वही काढून नकला करायला बसले तेव्हा कुठे डोळा बसायला लागला. एक भांडं ज्वारीच्या भाकरीसारखं फिकट, त्यावर काळे-जांभळट सिंह, आणि मधल्या जागेत फुलंच फुलं, बोट टेकवायला जागा नाही. दुसरं चांगल्या भाजलेल्या कौलाच्या रंगाचं, त्यावर दोनच माणसं, बाकी सगळं मोकळं. तिसऱ्यावर रानबकऱ्यांची रांग. त्यांची अंगं भरलेली, पण डोकी मात्र नुसत्या बाह्यरेषेने काढून कोरी ठेवलेली. खाली पाट्यांवर कॉरिंथ, अथेन्स, लॅकोनिया, ऱ्होड्स, अपुलिया अशी नावं.

आणि एक कुपी आहे, जेमतेम सात सेंटीमीटर उंचीची. तिचं तोंड म्हणजे जबडा उघडलेला सिंह. पोटावर एकाखाली एक तीन पट्टे: वर ढाली घेऊन भिडलेले सैनिक, त्याखाली घोड्यांची शर्यत, अगदी खाली सशाची शिकार. शिकारीतले कुत्रे तांदळाच्या दाण्याएवढे असतील. सैनिकांच्या ढालींवर वेगवेगळी चिन्हं आहेत. मी तिच्यापुढे पाऊण तास उभी होते आणि माझ्या वहीत त्यातला एकही सैनिक नीट उतरला नाही. हे कशाने काढलं असेल?

प्रश्न असा की पाटी झाकली तर प्रांत कसा ओळखायचा? भाषा एक, देव तेच, गोष्टी त्याच, मग हात इतके वेगळे का? शिवाय एक मोठी ताटली आहे, ट्रॉयच्या युद्धातले वीर मेनेलाओस आणि हेक्टर युफोर्बस या योद्ध्याच्या प्रेतावरून लढताहेत अशी. ती ऱ्होड्स बेटावरच्या कामिरोसला सापडली. म्हणजे ती ऱ्होड्सचीच असं धरायचं का?

खापरवेडी

रेघोटीताई, तुमचा प्रश्न वाचला आणि चाक थांबवून उत्तर लिहायला बसले. मी कुंभारकाम करते. आमचं गाव संगमनेरकडचं, जोर्वे तिथून जवळ. लहानपणी प्रवरेच्या काठी काळ्या रेघांची तांबडी खापरं हातात यायची, तीन हजार वर्षांपूर्वीची. त्या खापरांनीच मला मातीकडे ओढलं. ग्रीक भांड्यांचा नाद पुढे लागला आणि तोही मातीच्याच वाटेने, म्हणून मी तुम्हाला कुंभाराच्या बाजूने सांगते.

चित्र शेवटी पाहा. आधी माती पाहा. भांड्याची बैठक, तुटलेली कड, रंग उडालेला भाग, जिथे उघडी माती दिसेल तिथे डोळा न्या. तुम्ही ज्याला भाकरीसारखं फिकट म्हणालात ते कॉरिंथ. तिथल्या मातीत चुन्याचा अंश जास्त, म्हणून ती भाजल्यावर पिवळट, कधी किंचित हिरवट झाक मारते. कौलासारखं ते अथेन्स. तिथली माती लोहाची, आपल्या तांबड्या मातीच्या नात्यातली. आयोनियाच्या किनाऱ्यावरची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या बाजूची माती तपकिरी, म्हणून तिथले कुंभार आधी साईच्या रंगाचा लेप देत आणि त्यावर चित्र काढत. तुमच्या बकऱ्या तिथल्या. एवढ्यावरच तुमचं अर्धं काम होईल.

आता कुपी. ती कॉरिंथची, साधारण इ.स.पू. ६४० ची. देणगीदाराच्या नावावरून तिला मॅकमिलन कुपी म्हणतात. अशा कुप्यांत सुगंधी तेल असे, आपल्याकडच्या अत्तराच्या कुपीसारखं. कॉरिंथ संयोगभूमीवर वसलेलं, दोन्ही समुद्रांकडे त्याची बंदरं, त्यामुळे माल इटलीकडेही जाई आणि पूर्वेकडेही. लहान कुप्या भरून पाठवायच्या म्हणजे चित्रही लहानच काढायला हवं. मला वाटतं, कॉरिंथच्या हाताची बारकाई या धंद्यातून आली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास तिथल्या कोणीतरी काळी आकृती भरून झाल्यावर तिच्यात अणकुचीदार टोकाने रेघा कोरल्या. काळा थर खरवडला की खालची फिकट माती उघडी पडते, तीच रेघ. कुंचल्याने तांदळाएवढ्या कुत्र्याचा कान काढता येणार नाही, सुईसारख्या टोकाने येतो. धातूवर नक्षी कोरणाऱ्यांची ही रीत मातीवर आली. तुम्ही विचारलंत ना, कशाने काढलं? चार केसांचा कुंचला आणि धातूचं टोक.

सिंह, पंखवाल्या सिरेन (बाईचं डोकं आणि पक्ष्याचं अंग), स्फिंक्स (माणसाचं डोकं आणि सिंहाचं अंग), कमळं हे सगळं पूर्वेकडून आलेल्या कापडांवरून, हस्तिदंतावरून, धातूच्या भांड्यांवरून उचललेलं. मधली फुलं हीसुद्धा त्याच वाणाची. जांभळट तांबडा वरून लावलेला. कॉरिंथकराला रिकामी जागा खपत नाही, ही खूण पक्की धरा.

अथेन्सने हे सगळं कॉरिंथकडून शिकून घेतलं, आणि ते शिकणं तुम्ही त्याच म्युझियममध्ये पाहू शकता. सोफिलॉसचा दिनोस शोधा, उंच बैठकीवर ठेवलेलं मोठं गोल भांडं, द्राक्षासव कालवायचं. काळ इ.स.पू. ५८० ते ५७०. वरच्या पट्ट्यात पेलेउस आणि थेटिस, म्हणजे वीर अकिलीसचे आईवडील, यांचं लग्न. पेलेउस दारात पेला घेऊन उभा, देवमंडळी ओळीने येताहेत, प्रत्येकाच्या शेजारी नाव लिहिलेलं, आणि ‘सोफिलॉसने मला रंगवलं’ असं भांडंच सांगतं. पण खालचे पट्टे बघा: सिंह, सिरेन, रानटी जनावरं, सगळी कॉरिंथच्या घरची. वर नवी गोष्ट आणि खाली गुरूचा कित्ता.

मग तिथून अथेन्सच्याच एक्झेकियास या चित्रकाराच्या अँफोराकडे, म्हणजे दोन कानांच्या उंच भांड्याकडे जा. त्यावर अकिलीस ॲमेझॉनांची राणी पेंथेसिलिया हिला मारतो आहे. मध्ये चाळीसेक वर्षं गेली आहेत. जनावरांचे पट्टे गेले, फुलं गेली. दोनच माणसं, बाकी कौलाचा मोकळा रंग. तिच्या गळ्यात भाला शिरतोय आणि त्याच क्षणी दोघांची नजरानजर होते. त्याचा चेहरा शिरस्त्राणात झाकलेला, तिचा उघडा आणि पांढरा. बाईची कातडी पांढरी रंगवायची हा तेव्हाचा रिवाज, पण इथे तो रिवाज काळजात घुसतो. मी हे भांडं फक्त छायाचित्रांत पाहिलं आहे. तुम्ही प्रत्यक्ष त्याच्यापुढे उभ्या राहताय, तेव्हा माझ्यासाठी त्या डोळ्यांची नक्कल कराल का?

भाजणीबद्दल थोडं विस्ताराने, कारण त्याशिवाय अथेन्सचा काळा समजणार नाही. तो रंगही नाही आणि काचेचा लेपही नाही. भांडं ज्या मातीचं तिचाच अगदी बारीक गाळ आहे. भाजणी तीन टप्प्यांची. आधी हवा खेळती ठेवायची, सगळं तांबडं होतं. मग झरोके बुजवून ओलं लाकूड घालायचं आणि आच नऊशे अंशांच्या पलीकडे न्यायची. धुरात लोहाचा प्राणवायू ओढला जातो आणि सगळं काळं पडतं. याच आचेत बारीक गाळ वितळून काचेसारखा मिटतो. शेवटी झरोके उघडले की जाडी माती हवा पिऊन पुन्हा तांबडी होते, मिटलेला गाळ मात्र काळाच राहतो. हे कोडं थिओडोर शुमान या जर्मन संशोधकाने १९४२ साली उलगडलं.

मी हे घरच्या लाकडाच्या भट्टीत तीनदा केलं. माती पाण्यात कालवली, चुलीची राख टाकली, दोन दिवस हलवली नाही. जड कण तळाला बसले आणि वर चहासारखं पाणी राहिलं, ते आटवून लेप केला. पहिल्या खेपेला झरोके उघडायला उशीर झाला, बाराच्या बारा वाट्या कोळशासारख्या निघाल्या. दुसऱ्या वेळी आच कमी पडली, लेप मिटलाच नाही, सगळं तांबडं. तिसऱ्या वेळी चार वाट्या साधल्या. एकीच्या काठाशी लेप पातळ बसला होता, तिथे विटकरी डाग राहिला. पुढे अथेन्सच्या भांड्यांची मोठी छायाचित्रं पाहताना काळ्यात तसेच विटकरी डाग दिसले आणि अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कोणा कुंभारालाही त्या दिवशी भट्टीने तसंच सतावलं होतं.

ताटलीचं विचारलंत. सापडलं तिथेच घडलं असं कधीही धरू नका. रानबकऱ्यांच्या भांड्यांना कित्येक वर्षं ‘ऱ्होडियन’ म्हणत, कारण ती ऱ्होड्सच्या थडग्यांतून ढिगाने निघाली. मातीची तपासणी झाली तेव्हा त्यांतली पुष्कळशी आयोनियातल्या मिलेटसच्या परिसरातली निघाली. युफोर्बसच्या ताटलीवर तर नावांच्या अक्षरांचं वळण ग्रीसमधल्या आर्गोस नगराकडचं सांगतात, म्हणजे सापडली एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडची. अथेन्सची उत्तमोत्तम भांडी इटलीत एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत मिळाली, म्हणून अठराव्या शतकात लोक ती एट्रुस्कनच समजत. इंग्लंडमधल्या वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने आपल्या कारखान्याला एट्रुरिया हे नाव दिलं ते याच समजुतीतून.

अक्षरांवरून आठवलं. प्रत्येक नगराचं वर्णमालेचं वळण निराळं होतं. कॉरिंथमध्ये ‘ए’चं अक्षर रोमन बीसारखं दिसतं, आणि ‘स’साठी सिग्मा न वापरता एमसारखं दिसणारं सान लिहीत. भांड्यावर नावं असतील तर तुमच्यासारखी वळण जाणणारी बाई तेवढ्यावरून कॉरिंथ सांगेल.

हिशोबनीस

खापरवेडीताईंनी अपुलियाला हात लावला नाही म्हणून लिहितो. मी हिशोब तपासनीस. दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त नेपल्सला होतो, रविवारी तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. दक्षिण इटलीत ग्रीकांची नगरं होती, तिथे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबड्या आकृतीची (माणसं तांबडी, भोवताल काळा) भांडी बनू लागली. आधी अथेन्सच्या वळणाची, मग स्वतःची. अपुलिया, लुकानिया, कॅम्पानिया, पेस्टम, सिसिली अशी पाच घराणी मानतात. पेस्टमच्या अ‍ॅस्टेआस आणि पायथॉन यांनी तर भांड्यांवर सह्याच केल्या आहेत.

मी थबकलो ते दरायसच्या भांड्यापुढे. १८५१ साली कॅनोसाला सापडलेलं, एक मीटर तीस सेंटीमीटर उंच. एवढं मोठं भांडं घरात वापरायला नव्हे, थडग्यासाठी. वर देव, मध्ये सिंहासनावर इराणचा राजा दरायस आणि त्याचे सल्लागार. पण माझं लक्ष खालच्या रांगेवर. तिथे खजिनदार बसला आहे. पुढ्यात मेज, मेजावर आकडे दाखवणारी ग्रीक अक्षरं ओळीने लिहिलेली, हातात वही म्हणावी अशी दुघडी पाटी. समोर खंडणी घेऊन लोक आले आहेत, काहीजण गुडघे टेकून हात पुढे करताहेत. खजिनदार मेजावर खडे मांडून बेरीज करतो आहे. माझ्या आजोबांच्या पेढीवरची बैठक मला आठवली, तोच वाकलेला माथा, तेच एका हाताने मांडणं आणि दुसऱ्यात वही.

अपुलियाची ओळख सांगायची तर पांढरा, पिवळा, गडद तांबडा असे वरून दिलेले रंग पुष्कळ, माणसं एका ओळीत उभी न करता खालीवर मांडलेली, आणि थडग्याचं लहानसं देऊळ पांढऱ्यात काढून त्यात मृत माणूस. अथेन्सच्या मानाने दाटी फार. ताई म्हणतात तशी मोकळी जागा मलाही आवडते, पण दाटीत माणसांची गर्दी वाचायला वेगळंच सुख आहे.

रेघोटी

दोघांचे मनापासून आभार. खापरवेडी, काल तुमचं उत्तर छापून घेऊन गेले. मातीकडे आधी पाहायचं हे एकतीस वर्षं कागदावर काम केलेल्या माणसाला सुचलंच नसतं. फिकट म्हणजे कॉरिंथ हे धरून पाट्या झाकून दहा भांडी ओळखली, आठ बरोबर आली.

चुकलेल्यांपैकी एक सांगते. भांडं चांगलं तांबडं, म्हणून मी अथेन्स म्हटलं, पाटीवर निघालं कॉरिंथ. असं कसं? आणि तांबड्या आकृतीत तांबडा रंग कोणता वापरत?

खापरवेडी

ताई, तुमची चूक फार मोलाची आहे. कॉरिंथ आणि अथेन्समध्ये पारडं कधी फिरलं ते त्या एका भांड्यात आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्सचा माल पुढे सरकू लागला. गिऱ्हाइकाला कौलाचा रंग आवडायला लागला. कॉरिंथच्या मातीला तो रंग येईना, म्हणून तिथल्या चित्रकारांनी आपल्या फिकट भांड्यावर तांबूस लेप चढवला आणि त्यावर चित्रं काढली. ज्यांनी अथेन्सला शिकवलं तेच शेवटी अथेन्ससारखं दिसायला धडपडले. तरी इ.स.पू. ५५० च्या सुमारास कॉरिंथची माणसांची चित्रं जवळपास थांबली. तुम्ही पाहिलंत ते याच शेवटच्या काळातलं असणार. त्याची बैठक किंवा टवका उडालेली जागा पुन्हा बघा, लेपाखाली भाकरीचा रंग दिसला तर माझं म्हणणं बरोबर. अथेन्सचे कायदे घडवणाऱ्या सोलोनने सहकुटुंब येऊन धंदा मांडणाऱ्या परक्या कारागिरांना नागरिकत्व देऊ केलं, असं प्लुटार्क या जुन्या ग्रीक चरित्रकाराने लिहिलं आहे. त्यात कुंभार किती होते कोण जाणे, पण मला वाटतं कसबी हात तिकडे वळायला हे कारण पुरेसं होतं.

तांबड्या आकृतीत तांबडा रंग नाहीच. ती भांड्याची उघडी माती आहे. इ.स.पू. ५३० ते ५२० च्या दरम्यान अथेन्समध्ये कोणीतरी कृती उलटी केली: आकृती कोरी सोडून भोवतालचं काळं भरलं. कोरायचं टोक खाली ठेवलं आणि पुन्हा कुंचला उचलला. म्हणून स्नायू, कपड्याच्या चुण्या, पापण्या यांना वळण मिळालं. तुम्ही तिरप्या उजेडात पाहा, बाह्यरेषा केसाइतकी उंचवटलेली दिसेल. गाळ इतका दाट घेत की रेघ उभी राही. कधी कच्च्या मातीवर बोथट टोकाने केलेला पहिला आराखडाही दिसतो, हात एकीकडे ठरवलेला आणि रंगवताना दुसरीकडे वळवलेला. तुम्ही मुलांच्या पाठीमागे उभं राहून पेन्सिलीच्या खोडलेल्या रेघा पाहिल्या असतील, अगदी तसं.

लॅकोनिया म्हणजे स्पार्टाचा मुलूख. लोक म्हणतात स्पार्टन फक्त लढत. त्यांच्याच मुलखात इ.स.पू. सहाव्या शतकात फार सुंदर पेले बनत होते, साईच्या लेपावर काळी आकृती, कडेला डाळिंबांची माळ. सगळ्यांत नामी पेला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे, इ.स.पू. ५६० च्या आसपासचा. सायरीनीचा राजा आर्केसिलास छताखाली बसून मालाचं वजन करून घेतोय, मोठा तराजू, पोती वाहणारे हमाल, आडव्या काठीवर माकड, राजाच्या आसनाखाली चित्त्यासारखं जनावर. सायरीनी आफ्रिकेत, आजच्या लिबियात, पेला घडला स्पार्टाकडे, सापडला इटलीत व्हुल्चीला. हिशोबनीस, पुढच्या वेळी पॅरिसला गेलात तर तो तराजू तुमच्याच कामाचा आहे.

थेम्सकाठ

मी ऑक्सफर्डला राहतो. रेघोटीताई, लंडनहून रेल्वेने तासाभराचा रस्ता आहे, अ‍ॅशमोलियन म्युझियमला जरूर या, तिथेही प्रवेशाला पैसे नाहीत. बोयोशिया या ग्रीक प्रांताचं एक भांडं बघायला मिळेल, थीब्जजवळच्या काबिरोस देवांच्या ठाण्याकडे बनत त्या प्रकारचं, इ.स.पू. चौथ्या शतकातलं. अथेन्सने काळी आकृती केव्हाच मागे टाकली होती, हे लोक ती धरून होते आणि तिच्यात वीरांची नक्कल करत. ट्रॉयच्या युद्धातला वीर ओडिसियस दोन रिकाम्या रांजणांवर पाय रोवून समुद्रात निघाला आहे, ढेरपोट्या, उघडाबंब, हातात त्रिशूळ, आणि मागून गाल फुगवून उत्तरवारा फुंकतो आहे. वाऱ्याचं नावही लिहिलेलं आहे. माझा सात वर्षांचा मुलगा प्रत्येक भेटीत आधी तिकडेच पळतो. नातीला घेऊन या.

रेघोटी

शनिवारी नातीला घेऊन ऑक्सफर्ड नक्की.

खापरवेडी, आज ते फसवं भांडं पुन्हा पाहिलं. बैठकीच्या कडेला नखाएवढा टवका आहे. खाली भाकरीचा रंग! पहारेकरी बाई जवळ आल्या, त्यांनाही दाखवला, त्याही वाकून पाहत राहिल्या.

एक्झेकियासचे डोळे तीनदा काढले. त्याचा डोळा पूर्ण गोल आहे, तिचा बदामी, ते मला तिसऱ्या वेळी दिसलं. पुरुषाचा गोल आणि बाईचा लांबट अशी रीतच होती का, की हे फक्त इथे?

खापरवेडी

रीतच होती, काळ्या आकृतीच्या भांड्यांवर सगळीकडे बघाल. सोफिलॉसच्या लग्नातसुद्धा तपासा, देव कोण आणि देवी कोण ते डोळ्यांवरून लागेल. तिसरी नक्कल मला पाठवा, पहिल्या दोनही पाठवा.